आजीचे चाळीस सेकंद

परवा फोनची मेमरी फुल झाली, म्हणून रविवारी सकाळी चहाचा मग घेऊन साफसफाईला बसले. आजीचे फोटो निघाले २१४. आखाजीचे, भावाच्या लग्नातले, सेल्फी काढताना तिने केलेल्या वेड्यावाकड्या तोंडाचे. आणि आवाज? एकच क्लिप, तीही जेमतेम चाळीस सेकंदांची. त्यातही बाईसाहेब मलाच झापतायत, "तो मोबाइल ठेव बाजूले, आन् भाकर खाय गरम गरम!"

आजी गेल्या हिवाळ्यात गेली. वय ८६. माहेर जळगावजवळचं, सासर धुळ्याचं. सगळं धुळं अहिराणी बोलायचं, पण हिने माहेरची लेवा बोली शेवटपर्यंत सोडली नाही. दर आखाजीला पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने माहेरी जायची. एकदा बायकांच्या सीटवर एक धट्टाकट्टा गडी ऐसपैस बसला होता. आजीने त्याला विचारलं, "भाऊ, तुले दिवस गेले का रे?" गडी जळगाव येईपर्यंत उभा!

आधी वाचा, मग अंगठा

आजोबा गेले तेव्हा ती ३२ वर्षांची होती. तेरावं उरकलं आणि घरातले चार मोठे पुरुष एक कागद घेऊन आले. म्हणाले, इथे अंगठा कर, शेतीचं आम्ही बघतो. आजीला अक्षर येत नव्हतं. पण तिने चौथीतल्या माझ्या आईला हाक मारली आणि म्हणाली, "पहिले पोरगी वाचून दाखवीन, मंग अंगठा."

आईने अडखळत वाचलं. 'हक्कसोड' हा शब्द तिला कळला नाही, पण आजीला बरोबर कळला. अंगठा काही उठला नाही. त्याच शेतातल्या कपाशीवर आई बी.एड. झाली, आणि आईच्या पगारावर मी इंजिनीअर. माझ्या सीव्हीत हे कुठेच लिहिलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि ही बाई गायची! डाळ भरडताना, झोक्यावर, कानबाईला. आमची नावं गुंफून तिथल्या तिथे ओव्या रचायची. नवरा, शेत, पाऊस, एसटी... सगळं त्यात यायचं. आम्ही हसायचो आणि विसरायचो. कुणी म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही.

जळगावचा मुलगा मात्र जागा होता

नाशिकच्या शाळेत बहिणाबाई चौधरींची कविता आली तेव्हा अख्ख्या वर्गात मला एकटीला सगळे शब्द कळले होते. का? तर ते आजीचे शब्द होते. 'मले', 'तुले', 'नही'.

बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. तिशीत नवरा गेला. पदरात मुलं आणि पुढ्यात शेत. अक्षरओळख नाही. नवऱ्यामागे रचलेल्या एका कवितेत त्या शेजारणींनाच बजावतात, की माझी कीव करू नका, माझ्या हातांतली धमक अजून शाबूत आहे. आजीने कविता कधी वाचली नव्हती, पण जगली तीच कविता.

फरक एवढाच, की त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी वेळोवेळी टिपून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' आलं आणि महाराष्ट्राला त्या कळल्या. त्यांनी स्वतः ते पुस्तक पाहिलंच नाही. पण विचार करा, कुणी वही उघडलीच नसती तर? असोद्याची एक म्हातारी जात्यावर काहीतरी गुणगुणायची, एवढंच उरलं असतं. तेही दोन पिढ्यांपुरतं.

२०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. धुळ्यात शिकलेल्या माझ्या मामेभावाच्या डिग्रीवर ते छापलेलं आहे. त्याने आजीला सांगितलं, ही बाई तुझ्यासारखीच, शाळेत न गेलेली. आजीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मंग हे कागद खरं." आयुष्यभर कागदांवर संशय घेतलेल्या बाईचं हे सर्टिफिकेट!

त्या रविवारी मी काहीही डिलीट केलं नाही. धुळ्याला आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, आई, आजीच्या ओव्या सांग. तिला फक्त तीन आठवल्या. तिसरीत माझं नाव होतं. आई मध्येच थांबली, मग म्हणाली, "तुला इतक्या उशिरा का सुचलं गं?"

उत्तर नव्हतं. सोपानदेवांकडे वही होती. आपल्या खिशात तर अख्खा स्टुडिओ आहे, राव! तुमची आजी असेल तर या वीकएण्डला मॉल राहू द्या. तिच्याजवळ बसा, रेकॉर्डचं बटण दाबा आणि एकच विचारा, "तू कुणाला घाबरली नाहीस, असं कधी झालं होतं?"

भाकर मात्र आधी खा. गरम गरम.