वृत्तपत्रांचा कौल आणि करविषयक मतदान : कॅलिफोर्नियातील अनुभव

अमेरिकेतील वृत्तपत्रे मतदानापूर्वी अग्रलेखातून उमेदवारास अथवा करप्रस्तावास उघड पाठिंबा देतात. मराठी वाचकास ही प्रथा काहीशी चमत्कारिक वाटेल. कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर सीमित केला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा विरोध असतानाही सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो स्वीकारला. याच प्रस्तावाने स्थानिक शासनाच्या विशेष करांसाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली. परिणामी एक-तृतीयांशाहून थोडेसे अधिक मतदारही असा कर रोखू शकतात. अशा अटीतटीच्या लढतीत वृत्तपत्राच्या कौलास महत्त्व येते आणि पक्षपाताचा आरोपही त्याच प्रमाणात तीव्र होतो.

अग्रलेख मंडळ व बातमीदार यांचे विभाग स्वतंत्र असतात, असे उत्तर वृत्तपत्रे देतात. ते पूर्णतः मान्य करता येत नाही. कान व केनी यांच्या २००२ सालच्या अभ्यासात सिनेट निवडणुकांच्या बातम्याही अग्रलेखाने पसंत केलेल्या उमेदवाराकडे झुकलेल्या आढळल्या. मात्र वाचकही तटस्थ नसतो. एकच वृत्तांकन दोन्ही विरोधी गटांना आपल्या विरुद्ध वाटते, हे व्हॅलोन, रॉस व लेपर यांनी १९८५ साली दाखविले होते.

चियांग व नाइट यांच्या २०११ सालच्या संशोधनानुसार अपेक्षित पाठिंब्यापेक्षा अनपेक्षित पाठिंबा अधिक मते वळवितो. हाच न्याय करप्रस्तावास लावल्यास, नेहमी करवाढीस विरोध करणाऱ्या पत्राने एखाद्या शाळाकराचे केलेले समर्थन मतदार अधिक गांभीर्याने घेईल.