किण्वाची उष्णता आणि शीतकपाटाचा बंदोबस्त

उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे बव्हेरियाच्या दरबाराने १५५३ साली असा हुकूम काढला की, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या मुदतीत कोणीही बिअर करू नये. नासण्याचे कारण तेव्हा कोणास उमगले नव्हते. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांची शीतयंत्रे म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात चालू झाली, १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी शुद्ध किण्व, म्हणजे यीस्ट, वेगळे काढले, आणि बिअरवरील ऋतूंचा अंमल संपून तापमापकाचा अंमल सुरू झाला. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे गुन्हा आहे. इंग्लंडात मात्र १९६३पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही, आणि तेथील हौशी गृहस्थ लिंडे यांच्या यंत्रांचे काम आपल्या गॅरेजातील जुन्या फ्रीजकडून करून घेतो. त्या फ्रीजविषयी रूढ असलेल्या काही समजांपायी उत्तम माल्ट आणि हॉप्स वाया जातात, सबब त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज: फ्रीजची चकती योग्य आकड्यावर फिरवली की काम झाले.

वस्तुस्थिती: चकतीवरील १ ते ५ किंवा ७ हे आकडे अंश नव्हेत, बहुतेक फ्रीजांत मोठा आकडा म्हणजे अधिक थंडी, एवढाच त्यांचा अर्थ. घरगुती फ्रीज ४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहण्यासाठी घडवलेला असतो, त्यास १८ अंशांवर थांबण्याची विद्या नसते. म्हणून त्याची चकती थंड बाजूस ठेवून, त्याचा वीजप्रवाह बाहेरून जोडलेल्या तापनियंत्रकाच्या स्वाधीन करावा लागतो.

गैरसमज: फ्रीजमधील हवा १८ अंशांवर असली, म्हणजे बिअरही १८ अंशांवर असते.

वस्तुस्थिती: सर्वांत अधिक नुकसान करणारा समज हाच होय. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करताना किण्व स्वतः उष्णता निर्माण करते, आणि आंबण्याचा जोर असलेल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पिंपातील द्रव भोवतालच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंशांनी सहज वर चढतो. इंग्लंडातील एका स्नेह्याच्या गॅरेजात मी हे प्रत्यक्ष पाहिले: २३ लिटरच्या पिंपाजवळ हवेत लोंबणारा तापमापक १८ दाखवीत होता, आणि उकळून निर्जंतुक केलेला दुसरा तापमापक द्रवात बुडवताच पारा २२वर गेला. अशा अतिरिक्त उष्णतेत जड मद्यार्क आणि एस्टरे वाजवीपेक्षा अधिक तयार होऊन बिअरला रंगाच्या थिनरसारखा दर्प येतो, आणि तो नंतर कितीही थंड केले तरी जात नाही. उपाय साधा आहे. नियंत्रकाचा संवेदक हवेत न सोडता, द्रवाच्या पातळीच्या खाली पिंपाच्या अंगास चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि त्यावर स्पंजाची जाड घडी ठेवावी, म्हणजे तो हवेचे नव्हे तर बिअरचे तापमान कळवतो.

गैरसमज: जितके थंड, तितके आंबणे शुद्ध.

वस्तुस्थिती: प्रत्येक किण्वाची स्वतःची मर्यादा असते. एल जातीच्या किण्वास सामान्यतः १८ ते २२ अंश मानवतात, लागर जातीच्या किण्वास ८ ते १३. त्याखाली नेल्यास किण्व तळाशी बसून स्वस्थ राहते आणि साखर तशीच उरते. लागरमध्ये तर शेवटी तापमान मुद्दाम काही अंशांनी वाढवून दोन-तीन दिवस ठेवतात, कारण लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल किण्वाला त्या उबेतच पुन्हा शोषून घेता येते.

गैरसमज: नियंत्रक दशांशापर्यंत काटेकोर लावावा.

वस्तुस्थिती: तसे केल्यास कॉम्प्रेसर क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन झिजतो. अर्धा ते एक अंश फरक सोडावा आणि दोन चालींच्या दरम्यान निदान तीन मिनिटांची विश्रांती ठेवावी. २३ लिटर द्रव इतका सावकाश तापतो आणि निवतो की, एवढ्या फरकाने त्याचे काही बिघडत नाही.

गैरसमज: थंड बिअर एकदा कोमट होऊन पुन्हा थंड झाली की तिला उग्र दुर्गंधी येते.

वस्तुस्थिती: ती दुर्गंधी प्रकाशाची करणी आहे. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडून गंधकयुक्त संयुग तयार होते, म्हणूनच बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. दीर्घकाळची ऊब बिअरला शिळी करते, हे खरे. पण तो दोष निराळा.

गैरसमज: बिअर बर्फासारखी गारच प्यावी.

वस्तुस्थिती: पिल्सनरला ४ ते ७ अंश शोभतात, परंतु इंग्लंडातील पिंपातील एल तळघराच्या ११ ते १३ अंशांवर देण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे, कारण अतिथंडीत सुगंध उडत नाही आणि जिभेलाही चव कमी कळते. शिवाय थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. म्हणून फ्रीजचे तापमान बदलून वायूचा दाब तोच ठेवल्यास बिअर फेसाळते किंवा निर्जीव होते. आंबवणे आणि वाढणे या दोन कामांची तापमाने भिन्न असल्याने एकाच फ्रीजात एका वेळी दोन्हींचा बंदोबस्त होत नाही.

त्या स्नेह्याने पुढल्या खेपेस संवेदक पिंपाच्या अंगास बांधला, आणि रोज सकाळी वहीत हवेचे व बिअरचे असे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. तिसऱ्या दिवशी हवा १४ अंशांवर होती आणि बिअर १८वर. फ्रीज प्रथमच किण्वाच्या उष्णतेचा हिशेब धरून चालत होता, आणि त्या खेपेची एल आम्ही १२ अंशांवर प्यालो, तेव्हा तीत माल्टाचा आणि हॉप्सचाच गंध होता.