प्रोटीन कसं उलगडतं? कॉम्प्युटरवर बघा!

अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो. कारण त्यातल्या प्रोटीनच्या घड्या उलगडतात आणि ते धागे एकमेकांत गुंततात. ही उलगडण कॉम्प्युटरवर अणू-अणूने बघता येते. त्या पद्धतीला म्हणतात मॉलेक्युलर डायनॅमिक्स.

प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, अणू किंचित सरकवायचा, पुन्हा बल काढायचं. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठीच ५० कोटी पावलं! नेहमीच्या तापमानाला प्रोटीन उलगडायला याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो.

मग शास्त्रज्ञ मॉडेलमधली आच वाढवतात. व्हॅलरी डॅगेट यांनी बार्लीतलं सीआय-२ हे प्रोटीन असंच २२५ अंश सेल्सिअसला उलगडवलं. ते करपलं नाही? नाही. या मॉडेलमध्ये अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे असतात. ते ताणले जातात, पण तुटत नाहीत.

पण मग निकाल खरा कसा मानायचा? ॲलन फर्श्ट यांच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी तो ताडून पाहिला, तेव्हा उलगडण्याच्या निर्णायक टप्प्यावरची रचना बरीचशी जुळली. स्क्रीनवरचा व्हिडिओ कितीही भारी दिसू दे, प्रयोगाशी ताळा जमला तरच त्यावर भरवसा ठेवायचा.