निळ्या डोळ्यांचा म्हातारा

१९२७ सालची गोष्ट. जॉर्ज किम्बल नावाचे एक व्यापारी लॉस एंजेलिसमध्ये स्वस्त तिकिटाच्या एका तमाशेवजा प्रदर्शनात शिरले. आत सात कुत्री बांधलेली होती, खंगलेली आणि आजारी. त्यांतल्या एकाचं नाव बाल्टो.

दोनच वर्षांपूर्वी, १९२५च्या जानेवारीत, अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली होती. प्रतिविष रेल्वेने नेनानापर्यंत पोचलं. पुढे १,०८५ किलोमीटर नुसतं बर्फ. २० चालकांनी आणि सुमारे १५० कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने घसरगाड्या हाकत साडेपाच दिवसांत औषध नोमला नेलं. शेवटच्या टप्प्यात गाडीच्या पुढे बाल्टो होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. खुद्द कुत्रा मात्र खेळवाल्यांच्या हाती विकला गेला.

त्याच्या मालकाने २,००० डॉलर मागितले. किम्बल यांच्या क्लीव्हलँड शहरात वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांनी आणि कामगारांनी आपापल्या परीने भर घातली आणि रक्कम जमली. सातही कुत्री क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात आली. बाल्टो तेव्हा आठ वर्षांचा होता, म्हणजे आजच्या पशुवैद्यांच्या हिशेबात ज्येष्ठ नागरिक.

डोळ्यांवर भाळून

बाल्टो ज्या जातीचा, तो हस्की मूळचा ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांचा. हलकं ओझं, लांबचा पल्ला आणि बेताचं खाणं, यासाठी त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला. १९०८मध्ये ही कुत्री शर्यतीसाठी नोमला आली. अमेरिकन केनल क्लबने १९३०मध्ये या जातीला मान्यता दिली. धावणं, ओढणं, माग काढणं आणि कुंपणाखालून निसटणं हे सगळं त्याच्या रक्तातच आहे. भुंकण्यापेक्षा तो रडका सूर लावतो, आणि वर्षातून साधारण दोनदा घरभर केसांच्या गाद्या घालतो.

२०११मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका आली आणि लांडग्यासारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांचं वेड पसरलं. गंमत म्हणजे मालिकेतले लांडगे हस्की नव्हतेच. ती नॉर्दर्न इन्युइट नावाची वेगळी कुत्री होती. पण पिल्लं विकली गेली हस्कीची. हौस फिटल्यावर ती आश्रयगृहांत येऊ लागली, तेव्हा २०१७मध्ये मालिकेतले अभिनेते पीटर डिंकलेज यांनी ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ असं जाहीर आवाहन केलं.

मुंबई-पुण्यातही हेच घडतं. वाढदिवसाला निळ्या डोळ्यांचं पिल्लू येतं. वर्षभरात सोफा फाटतो, शेजारी तक्रार करतात, विजेचं बिल वाढतं आणि कुत्रं कुणा संस्थेच्या दारात येतं. पाळीव प्राणी टाकून देणं १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात फार तर वडापाव-चहा होतो.

पाण्यातली म्हैस नव्हे

पिल्लू घेणं म्हणजे पाण्यातल्या म्हशीचं मोल करणं. ते किती वाढेल, कसं वागेल, कुठल्या आजाराचं निघेल, काही कळत नाही. आठ-दहा वर्षांचा हस्की मात्र पुरता बाहेर उभा असतो. तो मांजर पाहून उसळतो का, लहान मुलांत शांत बसतो का, एकटा राहिला की दार ओरबाडतो का, हे सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतं. तेवढं विचारा. शक्य असेल तर दत्तकपत्रावर सही करण्यापूर्वी काही दिवस त्याला घरी ठेवून पाहा.

हस्कीचं आयुष्य साधारण १२ ते १४ वर्षांचं. म्हणजे सोबत थोडीच, हे आधीच मान्य करायला हवं. पण म्हातारा म्हणजे निकामी, असं समजू नका. नोमच्या त्या मोहिमेतला सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेपाला यांच्या गाडीने पार केला. त्या गाडीचा म्होरक्या टोगो तेव्हा १२ वर्षांचा होता! तो पुढे १९२९पर्यंत जगला.

आणण्यापूर्वी

पशुवैद्यांकडून यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या रक्तचाचण्या करून घ्या. दात, सांधे आणि वजन बघायला सांगा. आपल्याकडे गोचीडतापाची तपासणीही हवी. हस्कीच्या डोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. वयाने भिंगावर येणारी निळसर झाक बहुधा निरुपद्रवी असते. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही वेगळी प्रकरणं. या जातीत ती आनुवंशिक असू शकतात; साधी झाक आणि हे आजार यांतला फरक डॉक्टरच सांगू शकतात. दृष्टी गेलेला कुत्राही वासावर आणि सवयीवर घर ओळखतो. फक्त सोफा-टेबलाच्या जागा वरचेवर बदलू नयेत.

नाकाभोवती किंवा डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर जस्ताच्या कमतरतेची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. हस्कीत हा त्वचाविकार आढळतो. सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखं आहे.

घरातली सर्वांत मोठी अडचण म्हणजे गुळगुळीत फरशी. मागचे पाय घसरले की म्हातारा कुत्रा उठायलाच घाबरतो. त्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा जुन्या योगा मॅट टाका. निजायला जाड गादी द्या.

आणि उकाडा. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, पण कोकण-मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती तोकडी पडते. म्हणून फिरणं उजाडण्यापूर्वी आणि रात्री. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. उन्हाळ्यात हजामत करू नका. त्याची दुपदरी लव उन्हापासूनही राखते. दिवसा थंड राहील अशी एक तरी खोली नसेल, तर हस्की आणू नये, म्हाताराही नाही. हे कठोर वाटेल, पण हाच सल्ला पिल्लू घेताना कुणी दिला असता तर तो बिचारा आश्रयगृहात आलाच नसता.

पहिले शंभर दिवस

प्राणिसंस्था एक ढोबळ हिशेब सांगतात: बिचकलेपण जायला तीन दिवस, घरची घडी कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. तो जेवला नाही किंवा कोपऱ्यात तोंड करून बसला, तर मन लावून घेऊ नका. पाहुण्यांची गर्दी टाळा. जेवण आणि फिरणं ठरल्या वेळेला. पट्टा मात्र कधीच सोडू नका. वय कितीही होवो, मांजर दिसली की हस्कीला आपलं नाव ऐकू येत नाही.

बाल्टो क्लीव्हलँडला आणखी सहा वर्षं जगला आणि १४ मार्च १९३३ रोजी गेला. वर्गणी देणाऱ्या मुलांना त्याच्याकडून गाडी ओढून घ्यायची नव्हती की औषध मागवायचं नव्हतं. त्याचं काम केव्हाच संपलं होतं.

तुमच्या मनात असेल तर एकच विनंती. दिवाळीच्या आठवड्यात आणू नका. फटाक्यांच्या आवाजात नव्या घराची ओळख होत नाही. तुळशीचं लग्न आटोपू द्या, आवाज थांबू द्या, पहाटे गारवा जाणवू लागला की संस्थेत जा. पिल्लांच्या खोलीपुढे थांबू नका. मागच्या बाजूला, आवाज ऐकूनही उठून न येणारा कोण आहे, ते विचारा.