सूर्याचे छायाचित्र आणि दुर्बिणीचे तोंड

दुर्बीण जितकी मोठी तितके सूर्याचे छायाचित्र बारकाव्याचे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यापायी घरातला पैसा व्यर्थ जाण्याचा संभव असतो, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रकाश लहरींचा असल्यामुळे भिंगातून येताना तो किंचित पसरतो, आणि भिंग जितके रुंद तितका हा पसारा कमी. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगास सुमारे २ विकलांहून जवळचे दोन ठिपके निरनिराळे दाखविता येत नाहीत. १२० मिलिमीटरचे भिंग १ विकलेपर्यंत पोहोचते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, हे पंचांग चाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. सूर्याच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर! सूर्यपृष्ठावर शिजत्या भाताच्या शितांसारखे जे दाणे दिसतात, ते साधारण १,००० किलोमीटर रुंदीचे. तेव्हा लहान दुर्बिणीत डागांचा काळा गाभा व त्याभोवतीची करडी कड उमटेल, परंतु दाणे केवळ खरबरीतपणासारखे भासतील. १२० मिलिमीटरच्या भिंगातून ते सुटे दिसू लागतात.

यापुढे मात्र हवा आडवी येते. तापलेल्या गच्चीवरून उठणाऱ्या ऊन हवेने बिंब थरथरते आणि दोन-तीन विकलांचे सर्व काही एकमेकांत मिसळते. मग भिंग २०० मिलिमीटरचे असून काय उपयोग? उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तलावातील बेटावर बांधली ती याच कारणास्तव. भोवती पाणी असले म्हणजे हवा शांत राहते. हवाई बेटांवरील इनुये दुर्बिणीचा आरसा ४ मीटरचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या चित्रांत ३० किलोमीटरपर्यंतचे बारकावे होते. परंतु तिलाही हवेचा कंप खोडून काढण्यासाठी क्षणोक्षणी आकार बदलणारा आरसा जोडावा लागतो. घरच्या हौशी मंडळींनी १०० ते १२० मिलिमीटरवर समाधान मानावे, ऊन चढण्यापूर्वी हिरवळीवर दुर्बीण मांडावी, आणि शेकडो चित्रे घेऊन त्यांतील स्थिर तेवढीच ठेवावी, असे आमचे मत आहे.

कित्येक जण मोठ्या दुर्बिणीच्या झाकणास लहान भोक पाडून तेथे सौर फिल्टर बसवितात. खर्च वाचतो खरा. पण बारकावा त्या भोकाच्याच मापाचा मिळतो. फिल्टर नेहमी पुढच्या तोंडावरच हवा. व्यास दुप्पट झाला की आत येणारी उष्णता चौपट होते, आणि डोळ्याकडील बाजूस बसविलेली काळी काच तीमुळे अकस्मात तडकते. बाजूच्या लहान शोधक दुर्बिणीवरही झाकण घालावे. तेथे हळूच डोळा लावून पाहणारे एखादे मूल घरात असतेच.