खांदा, मान आणि घसा
रायफल आणि काडतूस : लेखांक ६

कोणताही कारखाना जे बनवत नाही आणि ज्याच्या मापांना कोणत्याही मानक संस्थेची मान्यता नाही, अशा काडतुसाला अमेरिकेत वाइल्डकॅट, म्हणजे रानमांजर, म्हणतात. काडतुसांची मापे आणि त्यांत चालू शकणारा कमाल दाब अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली सॅमी ही संस्था ठरवते, तर युरोपात हे काम सीआयपी करते. वाइल्डकॅटला या दोन्हींचे छत्र नसते. तरीही आज शिकारीच्या आणि नेमबाजीच्या दुकानांत मिळणारी कितीतरी काडतुसे मुळात अशीच जन्मली. .२५० सॅव्हेजची पुंगळी, म्हणजे दारू धरणारे पितळी कवच, .२२ व्यासाच्या गोळीपर्यंत आवळून केलेले .२२-२५० हे १९३० च्या दशकापासून हौशी बंदूक-कारागिरांच्या हातात होते. रेमिंग्टन कंपनीने ते १९६५ मध्ये आपल्या यादीत घेतले. .२५-०६ ची कथाही तशीच. त्याला कारखान्याचा शिक्का १९६९ मध्ये मिळाला, तोपर्यंत ते जवळजवळ पन्नास वर्षे वाइल्डकॅट म्हणूनच वावरत होते.

नवी पुंगळी शून्यातून घडवणे फार खर्चाचे असते. म्हणून वाइल्डकॅट जवळपास नेहमी एखाद्या प्रचलित पुंगळीतूनच घडते. पुंगळीचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते. ते लवचीक असले तरी वाकवता-वाकवता कडक होते, त्यामुळे मानेचा भाग तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. बदल साधारण तीन ठिकाणी होतात: गोळी धरणारी मान, दारू मावणारे अंग आणि त्या दोघांना जोडणारा उतरता खांदा. मान आवळून गोळीचा व्यास कमी करता येतो किंवा ती फुलवून वाढवता येतो. खांदा मागे-पुढे सरकवता येतो किंवा त्याचा उतार बदलता येतो. अंगाची निमुळती बाजू सरळ करून आत थोडी जागा वाढवता येते. मान बरीच आवळली की तिथले पितळ जाड होते. ते तासून काढले नाही तर गोळी सुटताना मानेला चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीत, फुलायला जागाच उरत नाही आणि दाब एकदम उसळतो. नवख्या हातून होणाऱ्या चुकांत ही सर्वांत धोक्याची.

तिसऱ्या प्रकारच्या बदलाशी पी. ओ. ॲक्ली यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. कोलोरॅडोतील ट्रिनिडॅड गावी त्यांनी बंदूक-कारागिरी केली आणि तिथल्या कॉलेजात ती शिकवलीही. त्यांच्या ‘इम्प्रूव्हड’ पुंगळ्यांचे अंग जवळजवळ सरळ असते आणि खांद्याचा उतार बहुधा ४० अंशांचा. पुंगळी घडवण्याची त्यांची रीत साधी आणि सुंदर आहे. चेंबर मोठे कोरायचे, मात्र मान आणि खांदा जिथे जुळतात तिथे मूळ मापापेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटर आखूड ठेवायचे. मग कारखान्याचे साधे काडतूस त्यात किंचित घट्ट बसते, मागे-पुढे हलत नाही, आणि झाडले की पितळ फुलून नव्या चेंबरचा आकार घेते. नवी रायफल अशा रीतीने मूळ काडतूसही झाडू शकते. .२८० ॲक्ली इम्प्रूव्हडला २००७ मध्ये सॅमीची मान्यता मिळाली.

जागा वाढली म्हणजे वेग वाढलाच पाहिजे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पण हिशेब फार कंजूष निघतो. दाब तोच ठेवला तर पुंगळीची जागा ४ टक्के वाढवल्यावर वेग जेमतेम १ टक्का वाढतो, असा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. .३०-०६ ची पुंगळी ॲक्ली पद्धतीने सुधारली तर आतली जागा सुमारे ५ टक्के वाढते. सेकंदाला ८५० मीटर वेगाने जाणाऱ्या गोळीला त्यातून दहा-अकरा मीटरच मिळतात. त्याहून कितीतरी मोठे आकडे जुन्या लिखाणात सापडतात. त्यांतला बराचसा वेग जागेने नव्हे तर न मोजलेल्या वाढीव दाबाने दिलेला होता. सरळ अंगाचा खरा फायदा वेगळाच आहे. अशी पुंगळी झाडल्यावर पुढच्या बाजूला कमी ताणली जाते, म्हणून ती वारंवार भरून वापरता येते.

वेगाच्या हव्यासाची टोकाची मर्यादा ॲक्ली यांनीच दाखवून दिली. .३७८ वेदरबी हे हत्तीच्या शिकारीच्या जातकुळीतले दणकट काडतूस. त्याची पुंगळी त्यांनी .२२ च्या बारीक गोळीपर्यंत आवळली. उद्देश सेकंदाला ५,००० फूट, म्हणजे १,५२४ मीटर, ओलांडण्याचा होता. प्रत्यक्षात ५० ग्रेनच्या, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या, गोळीला सुमारे ४,६०० फूट मिळाले. त्याआधी १९३५ मध्ये विंचेस्टरने बाजारात आणलेले .२२० स्विफ्ट त्याच्या काही अंशाएवढी दारू वापरून ४,१०० फुटांपर्यंत पोहोचले होते. मोठ्या पुंगळीतली बहुतेक जादा दारू नळीच्या तोंडातून ज्वाला होऊन बाहेर गेली.

उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा नळी सोसते, आणि वाइल्डकॅटचा खरा खर्च तिथेच होतो. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे गोळी आट्यांत, म्हणजे तिला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांत, शिरते, त्या भागाला घसा म्हणतात. झाडल्यावर हजारांश सेकंदांत तिथल्या पोलादाचा अगदी पातळ थर हजार अंश सेल्सियसच्या पलीकडे तापतो आणि लगेच निवतो. त्याचे फुगणे आणि आक्रसणे पुन्हापुन्हा घडले की उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या बुडाला पडतात तशा बारीक भेगांचे जाळे तयार होते. त्यात वायूंतला कार्बन पोलादात मुरतो आणि वरच्या थराचा वितळणबिंदू खाली आणतो. पुढचा प्रत्येक बार त्या भेगांतून थोडे धातू उचलून नेतो. घसा पुढे सरकतो, गोळीला आट्यांपर्यंत मोकळी उडी घ्यावी लागते, आणि नेम पसरू लागतो. गोळी घासून नळी झिजते, हा समज मोठ्या रायफलींपुरता चुकीचा आहे. नळी घासून नाही, जळून संपते.

त्याची उलट बाजू मराठी वाचकाला ओळखीच्या एका रायफलीत दिसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ज्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर स्पर्धांत .२२ लाँग रायफल काडतूस वापरतात. त्याची गोळी शिशाची, दारू चिमूटभर, दाब कमी. अशी नळी वर्षानुवर्षे सराव झेलते. या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. ते एकदा झाडले की पुन्हा भरता येत नाही, म्हणून वाइल्डकॅटच्या कारागिराला त्याचा फारसा उपयोगही नसतो.

नळी किती टिकेल याचा अंदाज एका कल्पनेने बांधता येतो. पुंगळीतली सगळी जागा नळीच्याच व्यासाच्या एका उभ्या खांबात ओतली असे मानावे आणि त्या खांबाची उंची पाहावी. .३०८ विंचेस्टरचा खांब साडेसात सेंटिमीटरच्या आसपास भरतो, ६.५ क्रीडमूरचा साडेनऊ, .२४३ विंचेस्टरचा पावणेबारा. .२६४ विंचेस्टर मॅग्नमचा १५ सेंटिमीटर. ॲक्ली यांच्या त्या राक्षसी .२२ चा तीस सेंटिमीटरच्याही वर जातो. खांब जितका उंच, तितका जास्त जळता वायू त्याच अरुंद घशातून रेटला जातो. .३०८ ची नळी पाच हजारांच्या आसपास बार चांगला नेम राखते, क्रीडमूरची साधारण निम्मे. .२६४ मॅग्नमची हजाराच्या आसपासच थकते. दर मिनिटाला किती बार झाडले यानेही आकडे बरेच हलतात. तापलेल्या नळीत लागोपाठ झाडलेले दहा बार, निवू देऊन झाडलेल्या दहा बारांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात. दारूही महत्त्वाची आहे. नायट्रोग्लिसरीन मिसळलेली दारू जास्त ऊर्जा देते आणि साधारणपणे जास्त गरम जळते.

खांद्याचा उतार घसा वाचवतो का, हा वाद जुना आहे. खांद्याच्या दोन्ही रेषा पुढे वाढवल्या तर त्या कुठे मिळतात ते पाहावे, असे एक मत सांगते. त्या मानेच्या आतच मिळाल्या तर जळत्या दारूच्या कणांचा मारा पितळी मानेवर होतो आणि घसा वाचतो. ६ मिलिमीटर रेमिंग्टनचा खांदा २६ अंशांचा, मान लांब, आणि रेषा मानेतच मिळतात. .२४३ विंचेस्टरचा खांदा २० अंशांचा, मान आखूड, आणि रेषा मानेच्या बाहेर जातात. हे मत मनाला पटते, पण त्याच्या बाजूने अनुभवाच्या गोष्टी जितक्या आहेत तितकी काटेकोर मोजणी नाही. लांब मान गोळी नीट धरते, एवढे मात्र निःशंक म्हणता येते.

वेगाऐवजी नेमकेपणाचा मार्ग धरणारे सर्वांत यशस्वी वाइल्डकॅट १९७० च्या दशकाच्या मध्यात घडले. शल्यविशारद लुई पाल्मिसानो आणि हत्यार-कारागीर फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन या पुंगळीपासून ६ मिलिमीटर पीपीसी तयार केले. .२२० रशियन स्वतः कलाश्निकोव्हच्या ७.६२×३९ वरून निघालेले. आखूड आणि जाड पुंगळी, ३० अंशांचा खांदा, छोटे टोपण आणि टोपणाकडून येणाऱ्या ज्वालेसाठी नेहमीपेक्षा लहान छिद्र, अशी तिची बांधणी होती. दारू प्रत्येक वेळी एकसारखी पेटते, म्हणून बारागणिक वेगात फरक कमी पडतो. शंभर आणि दोनशे यार्डांवरच्या बेंचरेस्ट स्पर्धांत, जिथे पाच गोळ्यांची छिद्रे जवळजवळ एकच दिसावी लागतात, या काडतुसाने जुन्यांना मागे टाकले. त्याचा खांब .३०८ एवढाच बुटका आहे. तरी तिथले नेमबाज नळ्या लवकर बदलतात, कारण शिकाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतका फैलाव त्यांना चालत नाही.

लांब पल्ल्यासाठीही वेगाला पर्याय आहे, तो हवेला कमी अडणाऱ्या लांब गोळीचा. हॉर्नाडी कंपनीचे २००७ चे ६.५ क्रीडमूर हे वाइल्डकॅट नाही, पण त्यात हौशी कारागिरांचे सगळे शहाणपण उतरलेले आहे. ३० अंशांचा खांदा, सरळ अंग, दर ८ इंचांना एक पूर्ण फेरा देणारे आटे, आणि दारूची जागा न खाता लांब गोळी सामावेल अशी आखूड पुंगळी. नळीच्या तोंडापाशी ते .३०८ एवढ्याच वेगाने निघते, पण ८०० मीटरवर त्याच्या पुढे असते.

वाइल्डकॅटचा दाब कोणी मोजून छापलेला नसतो, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावे लागते. .३०-०६ साठी सॅमीची मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे, वातावरणाच्या सुमारे ४,०८० पट. टोपण चपटे होणे किंवा चेंबर बंद करणारा बोल्ट जड उचलला जाणे या खुणा दिसतात तेव्हा ती मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. जाणते कारागीर नळीवर ताणमापक चिकटवून दाब मोजतात. भारतात वाइल्डकॅट घडवणे छंद म्हणून करता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे.

घसा जळालेली नळी लगेच टाकून देत नाहीत. चेंबरकडचे काही सेंटिमीटर कापून तिथे जोडणीचे पेच पुन्हा पाडतात आणि पहिले चेंबर ज्या कोरणीने कोरले होते, त्याच जपून ठेवलेल्या कोरणीने नवे चेंबर कोरतात. अशी नळी पहिल्याइतकी टिकत नाही, कारण भेगा कापलेल्या भागाच्या पुढेही गेलेल्या असतात.