पैसा दारूत नाही, पत्र्यात जातो

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १५०० रुपये सुरू झाले आणि गावच्या पारापासून शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत तीच वाक्यं ऐकू येऊ लागली: माणसं आळशी होणार, नवरे दारूत उडवणार, महागाई वाढणार. योजनेमागचं राजकारण आणि राज्याच्या तिजोरीवरचा भार हे रास्त प्रश्न आहेत, पण ते वेगळे. गरीब घरात रोख रक्कम गेल्यावर तिचं काय होतं, हे मात्र आता अंदाजानं सांगण्याची गरज नाही. ते अनेक देशांत मोजलं गेलं आहे. त्यातलं फार बारकाईनं झालेलं एक काम केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियाया भागातलं.

तिथं मक्याची शेती, मातीच्या भिंती आणि गवती छपरं. ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेनं गरिबीची खूण हीच धरली: छप्पर गवताचं, तर घर पात्र. ६५३ गावांच्या पट्ट्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही गावं निवडली आणि २०१४ पासून तिथल्या १० हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मोबाइलवरच्या ‘एम-पेसा’तून, हप्त्यांनी पाठवले. अट एकही नाही. ही रक्कम तिथल्या घराच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण पाऊणपट होती. न निवडलेली गावं शेजारीच असल्यामुळे तुलना करता आली.

“हातात पैसे पडले की दारूत जातात”

याच भागात त्याआधी झालेल्या योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांच्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी जागतिक बँकेसाठी वेगवेगळ्या खंडांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. तिथंही तेच: खर्च बहुतेक ठिकाणी जैसे थे, काही ठिकाणी कमी. व्यसनानं पोखरलेली घरं आहेत आणि त्या घरातल्या बाईचे हाल खरे आहेत, पण मदतीच्या पैशानं व्यसन वाढतं, याला आधार मिळालेला नाही.

मग पैसा गेला कुठं? पोटात, जनावरांत आणि पत्र्यात. पत्र्याचं छप्पर म्हणजे हौस वाटते, पण हिशेब मांडून बघा. गवत कुजतं, गळतं, दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं. त्यात पैसा जातो, मजुरीचे दिवस बुडतात, घरातलं धान्य भिजतं. पत्रा एकदा घातला की हा सगळा खर्च वर्षानुवर्षं वाचतो. हे त्या घराला आधीपासून माहीत होतं. पत्र्याला लागणारी रक्कम एकदम कधी हाती येत नव्हती, एवढीच अडचण होती.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या गरिबीचं मर्मही इथंच आहे. बीडच्या ऊसतोड जोडप्याला हजारोंची एकठोक रक्कम कुणाकडून मिळते? मुकादमाकडून, ‘उचल’ म्हणून. लग्न, आजारपण, घराची भिंत, जे काही अडलेलं असतं ते त्या उचलीतून निघतं आणि पुढचा अख्खा हंगाम नवरा-बायकोचा ‘कोयता’ तिच्या फेडीत जातो. फेड अपुरी राहिली तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. म्हणजे गरीब घराला मोठी रक्कम मिळतच नाही असं नाही. ती मिळते, पण अंगमेहनत आधीच गहाण टाकून. न फेडायची मोठी रक्कम ही त्यामुळे उचलीपेक्षा मुळातूनच निराळी गोष्ट आहे. तिच्या जोरावर माणूस मुकादमाला ‘यंदा नाही’ म्हणू शकतो.

केनियात नंतर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ठोक रकमेचं हे मोल वेगळ्या वाटेनं दिसलं. काहींना वर्षानुवर्षं दरमहा थोडी रक्कम मिळत होती, काहींना दोन वर्षांच्या हप्त्यांएवढी ठोक रक्कम एकदम. ठोक रक्कम मिळालेल्यांनी छोटे धंदे अधिक सुरू केले. दरमहावाल्यांपैकी ज्यांना ती बरीच वर्षं मिळत राहील अशी खात्री होती, त्यांनी एकत्र येऊन भिशी लावली आणि आळीपाळीनं मोठी रक्कम उभी केली. तिकडं भिशीला ‘चामा’ म्हणतात. हे त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

“फुकट मिळालं की कामावर कोण जाणार?”

अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी रोख योजनांची आकडेवारी तपासली. होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा, फिलिपिन्स. माणसं काम कमी करतात, असं सातत्यानं कुठंच दिसलं नाही.

पण ‘मजूर मिळत नाही’ ही शेतकऱ्याची तक्रार खोटी आहे, असंही मी म्हणणार नाही. इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले. पुढं ते ३०० आणि १५० झाले. तेवढ्याशा पैशातही बी-बियाणं आलं, खत आलं, आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाणारे लोक स्वतःच्या तुकड्यात जास्त राबू लागले. दुसऱ्याच्या रानात कमी दिसणारा माणूस घरी झोपलेला असतो असं नाही. आपल्याला तो आपल्या कामावर दिसत नाही, म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

“पैसा ओतला की भाव वाढतात, बाकीचे मरतात”

सियायात ही भीती मुद्दाम तपासली गेली. भाववाढ सरासरी अवघी ०.१ टक्का. कारण गिरणी, दुकान, गवंडी, सुतार यांच्याकडं रिकामा वेळ भरपूर होता. गिऱ्हाईक वाढलं तरी त्यांना दर वाढवावा लागला नाही. दिलेल्या एका डॉलरमागे त्या भागातली उलाढाल सुमारे अडीच डॉलरनं वाढली आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, त्यांच्या घरातला खर्चही वाढला. अर्थात बाजारापासून तुटलेल्या, माल क्वचित पोचणाऱ्या गावात असंच घडेल, असं मानू नये.

“एकदा पैसे दिले की गरिबी हटली”

हा गैरसमज मदतीच्या बाजूच्या लोकांचा, आणि तोही दूर व्हायला हवा. उत्तर युगांडात सरकारनं २००८ मध्ये तरुणांच्या गटांना धंद्यासाठी माणशी सुमारे ४०० डॉलर दिले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी इतरांनीही कमाईत त्यांना गाठलं होतं. पैशानं त्यांना काही वर्षं आधी पुढं नेलं, कायमचं वर नेलं नाही. ती मधली वर्षं कमी मोलाची नव्हती. पण त्यापलीकडचं वचन कुणी देऊ नये.

काही बाबतीत मात्र थोडी वर्षंही नकोत, थोडे महिने पुरतात. २०२५ मध्ये सियायातल्या त्याच गावांतल्या बाळांचा हिशेब प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बाळंतपणाच्या सुमारास पैसा हाती असला, की शेवटच्या महिन्यांत बाईचं राबणं कमी झालं, बाळंतपण दवाखान्यात झालं, घरात खायला राहिलं. दिवस भरत आले तरी फडात मोळ्या वाहणाऱ्या बायका आपल्याकडं आहेत. त्यांच्यासाठी पैसा किती, याइतकाच तो कोणत्या महिन्यात येतो, हा प्रश्न आहे. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५००० रुपये हप्त्यांत येतात, आणि कागद अडला, आधार-खातं जुळलं नाही, तर बाळंतपण उलटून गेल्यावर येतात.

त्या हिशेबातला आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. हा फायदा मुख्यतः डॉक्टर असलेल्या दवाखान्याजवळच्या घरांत दिसला. दूरच्या घरांत तो फारसा उरला नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवरून गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, तिथं खात्यातल्या पैशाबरोबर रस्ता, गाडी आणि जागेवर हजर असलेला डॉक्टरही द्यावा लागेल.